हाक मारणं हेही मारणंच

आयकिदोची ओळख करून देताना एक वाक्य हमखास येतं: ही कला मारायला शिकवत नाही. हल्लेखोराची ताकद वळवायची, त्याचा तोल काढून घ्यायचा, शक्यतो इजा न करता त्याला जमिनीवर आणायचं आणि तिथे धरून ठेवायचं. 'म्हणजे कराटेच ना?' असं विचारणाऱ्या शेजाऱ्यांना आणि ऑफिसातल्या लोकांना मीही हे वाक्य कितीदा तरी ऐकवलं आहे. वाक्य खोटं नाही. पण त्यात एका शब्दाला जागा नाही, आणि तो शब्द आयकिदोच्या जवळजवळ प्रत्येक तंत्रात दबा धरून बसलेला असतो. तो शब्द म्हणजे 'अतेमी'. रूढ अर्थ: आघात.

या लेखात मला अतेमीचा अर्थ जरा रुंद करून पाहायचा आहे. त्यासाठी दोन संहिता घेते. पहिली म्हणजे आयकिदोचे संस्थापक मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) यांचं १९३८ सालचं 'बुदो' हे पुस्तक. दुसरी म्हणजे त्यांचे अमेरिकन शिष्य टेरी डॉब्सन यांनी सांगितलेली आगगाडीतली गोष्ट. आयकिदोशी काडीचाही संबंध नसलेल्या अनेकांनी ती वाचलेली असते, कारण डॅनियल गोलमन यांच्या 'इमोशनल इंटेलिजन्स' (१९९५) या गाजलेल्या पुस्तकात ती आली आहे. पहिल्या संहितेत आघात ठळक दिसतो. दुसरीत तो नाहीच, असं सगळे धरून चालतात. माझं म्हणणं असं की तो दुसरीतही आहे, आणि तो दिसला नाही तर गोष्ट आपल्या हाती अर्धीच लागते.

लागणं

आधी शब्दाकडे. 'अतेमी'तल्या 'मी'चा अर्थ अंग, शरीर. 'अते' येतं 'अतेरु' या क्रियापदावरून. त्याचं अकर्मक भावंड आहे 'अतारु', आणि ते जपानीत कुठे कुठे वापरतात हे पाहण्यासारखं आहे. बाण निशाणाला लागला की अतारु. लॉटरी लागली की अतारु. ऊन अंगावर आलं की अतारु. केलेलं भाकीत खरं ठरलं तरी अतारु. मराठी कानाला ही यादी फारशी परकी वाटू नये, कारण यातलं बरंचसं आपल्याकडे 'लागणं' करतं. नेम लागतो, लॉटरी लागते, ऊन लागतं. शिवाय बोललेलं मनाला लागतं.

'अतेरु' म्हणजे मग लागेल असं करणं. 'प्रहार' किंवा 'आघात' म्हटलं की डोळ्यांसमोर मूठ येते. मारणाऱ्याचा खांदा, त्याचा जोर, त्याचा आवेश येतो. 'लागणं' म्हटलं की नजर दुसऱ्या बाजूला जाते. कुठे लागलं? लागल्यावर त्याचं काय झालं? मारणं हे मारणाऱ्याचं क्रियापद आहे आणि लागणं हे ज्याला लागतं त्याचं. अतेमीचं मोजमाप या दुसऱ्या बाजूने करायचं असतं, हे मला तातामीवर, म्हणजे सरावाच्या गाद्यांवर, हळूहळू कळत गेलं.

माझी उंची पाच फूट एक इंच. आमच्या वर्गात माझ्या दीडपट वजनाचे पुरुष आहेत. त्यातल्या एखाद्याने समोरून माझं मनगट धरलं आणि मला 'शिहो-नागे' करायचं असलं, तर पुस्तकी वर्णन सोपं असतं: त्याचा हात वर न्यायचा, त्याखालून वळायचं, हात त्याच्या खांद्यामागे दुमडायचा आणि त्याला मागे पाडायचं. प्रत्यक्षात त्याने मनगट घट्ट धरलेलं असतं, पाय रोवलेले असतात, आणि त्याचं सगळं लक्ष त्या पकडीत असतं. मी वळायला गेले तर मीच अडकते. म्हणून वळण्याआधी मोकळा हात त्याच्या चेहऱ्याकडे जातो. हात चेहऱ्याला लागायची गरज नसते. हनुवटी वर उचलली जाते, वजन टाचांवर येतं, मुठीतलं लक्ष डोळ्यांत जातं. तेवढ्या क्षणात पकड तीच राहूनही तिच्यातला माणूस निघून गेलेला असतो. आता वळता येतं.

यात माझी मूठ किती जड, हा प्रश्नच आलेला नाही. प्रश्न एवढाच की त्याला ते खरं वाटलं का. हात चेहऱ्याच्या दिशेने नुसता हलवला, अंतर चुकलं, किंवा मारायचं नाहीच हे माझ्या अंगात आधीच दिसलं, तर त्याची हनुवटी हलत नाही. न लागणारा आघात तेव्हाच उपयोगी पडतो, जेव्हा तो लागू शकला असता.

१९३८ आणि नंतर

उएशिबांनी तरुणपणी सोकाकू ताकेदांकडून दाइतो-र्‍यू ही जुनी जुजुत्सू पद्धत शिकली. १९३१ मध्ये तोक्योत त्यांचा मोठा दोजो उभा राहिला. त्या दशकात ते लष्कराच्या आणि नौदलाच्या संस्थांतही शिकवत होते. 'बुदो' हे पुस्तक या काळातलं आहे. त्यात ते स्वतः तंत्रं दाखवतानाची छायाचित्रं आहेत, आणि तंत्रांच्या वर्णनांत चेहऱ्यावर, बरगड्यांवर आघात करण्याच्या सूचना जागोजागी आहेत.

या पुस्तकातली एक बाब आजच्या विद्यार्थ्याला बुचकळ्यात टाकते. डोक्यावर समोरून येणाऱ्या वाराविरुद्धचं 'इक्क्यो' हे अगदी पायाभूत तंत्र. आज बहुतेक दोजोंमध्ये ते असं शिकवतात: उके, म्हणजे ज्याच्यावर तंत्र व्हायचं तो, आधी हात उगारून वार करतो, तोरी, म्हणजे तंत्र करणारा, तो वार घेऊन वळवतो. 'बुदो'त उलट आहे. तिथे तोरी पुढे येऊन समोरच्याच्या चेहऱ्यावर वार टाकतो. तो अडवायला समोरच्याचा हात वर येतो, आणि तो वर आलेला हात तोरी धरतो. म्हणजे ज्या हाताला आज आपण 'हल्ला' म्हणतो, तो तिथे उत्तर आहे.

हे पुस्तक बराच काळ लोकांच्या नजरेआड होतं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आयकिदोचे इतिहासकार स्टॅन्ली प्रॅनिन यांना त्याची एक प्रत मिळाली आणि त्यांनी ती मोरिहिरो सैतो (१९२८–२००२) यांना दाखवली. सैतो उएशिबांजवळ इवामा गावात वर्षानुवर्षं राहून शिकलेले. आपण शिकवतो ते गुरूचंच आहे, याचा छापील पुरावा हाती आल्याचा त्यांना इतका आनंद झाला की पुढे शिबिरांमध्ये ते हे पुस्तक सोबत नेऊन त्यातली छायाचित्रं दाखवत.

युद्धानंतर जपानमध्ये युद्धकलांकडे संशयाने पाहिलं जात होतं. संस्थापकांचे पुत्र किश्शोमारू उएशिबा यांनी आयकिदो सर्वसामान्यांसाठी खुलं केलं, जगभर नेलं आणि त्याची मांडणी शांततेची, सुसंवादाची कला म्हणून केली. ते त्यांचं मोठंच काम. त्यांच्याशिवाय माझ्यासारखीला या कलेचं नावही कळलं नसतं. पण या मांडणीत अतेमी अवघडल्यासारखा कोपऱ्यात गेला. हल्ला करणारा तो, शांत राहणारी मी, अशी सोयीची वाटणी झाली. घरात पाहुणे आले की एखाद्या तापट काकांना आतल्या खोलीत बसवावं, तसं काहीसं आघाताचं झालं.

त्याचा परिणाम दोजोत दिसतो. आघात नाही, म्हणून उकेचा तोल गेलेला नाही. तोल गेलेला नाही, तरी पडायचं तर आहे. मग उके सौजन्य म्हणून पडतो. समोरची व्यक्ती बाई असली, लहानखुरी असली, तर जरा जास्तच सौजन्याने पडतो. मला असं पाडणं फार खुपतं. पडणाऱ्याने उपकार केलेला असतो आणि पाडणारीला वाटतं की अहिंसा जमली. हिंसेचं सोंग सगळ्यांना ओळखू येतं; अहिंसेचं सोंग मात्र ती करणाऱ्यालाही ओळखू येत नाही.

टक्केवारीचा मोह

याच्या विरोधात दुसरा पक्ष आहे, आणि त्याच्याकडे आकडे आहेत. योशिनकान शाखेचे संस्थापक गोझो शिओदा (१९१५–१९९४) यांनी उएशिबांचं म्हणणं म्हणून लिहून ठेवलं आहे की खऱ्या लढतीत सत्तर टक्के अतेमी असतो आणि तीस टक्के फेक. सैतोंच्या पुस्तकात गुरूच्याच नावावर हा आकडा ९९वर जातो. हे आकडे छातीवर बिल्ल्यासारखे मिरवणारे लोक असतात. त्यांच्या मते आयकिदोचं सगळं दुखणं एकच, ठोसे कमी पडले. थोडं बॉक्सिंग मिसळा, थोडं कराटे मिसळा, कला पुन्हा जिवंत होईल.

एकाच गुरूच्या तोंडी सत्तरही आणि नव्व्याण्णवही असेल, तर हे मोजमाप नव्हे हे उघड आहे. स्वयंपाकात मीठ किती टक्के महत्त्वाचं, यासारखा तो प्रश्न आहे. आकड्यांमागचा आशय मला असा दिसतो की अतेमी तंत्रात वरून घातलेला नसतो, तो त्याच्या अंगातच असतो. ज्युदो आणि कराटे या दोन्हींतून आयकिदोकडे आलेले शोजी निशिओ (१९२७–२००५) हे फार स्पष्ट करून दाखवत. त्यांच्या आयकिदोत पहिल्या पावलापासून प्रत्येक टप्प्यावर मारता येईल अशा जागी ते उभे असत. मारत नसत. पण जागा तीच असे.

आघाताचा अर्थ ताणून पाहण्याचं सर्वांत धाडसी काम केलं केन्जी तोमिकी (१९००–१९७९) यांनी. ते ज्युदोचे जाणकार आणि उएशिबांचे जुने शिष्य. त्यांच्या १७ मूलभूत तंत्रांपैकी पहिल्या पाचांचा गटच 'अतेमी-वाझा' या नावाचा आहे. नाव ऐकून पाच ठोसे असतील असं वाटतं. प्रत्यक्षात पहिल्या तंत्रात, 'शोमेन-अते'मध्ये, तळहात समोरच्याच्या हनुवटीखाली जातो आणि सबंध शरीर पुढे नेऊन त्याला मागे पाडलं जातं. यात आपटणं नाही, ढकलणं आहे. पण ज्या जागी ढकललं तर तोल उरत नाही नेमक्या त्या जागी, नेमक्या त्या क्षणी. तोमिकींना यातून स्पर्धेत खेळता येईल, कुणी जबर जखमी होणार नाही अशी पद्धत हवी होती. ती शोधताना त्यांनी आघातातून इजा काढून घेतली, आणि तरी आघात शिल्लक राहिला. माझ्या दृष्टीने हा मोठा शोध आहे. इजा हा अतेमीचा एक संभाव्य परिणाम झाला. समोरच्याची मांडणी मोडणं हे त्याचं काम.

गाडीतला म्हातारा

आता डॉब्सन यांची गोष्ट. तोक्योच्या उपनगरातली आगगाडी, वसंतातली सुस्त दुपार, डबा बराचसा रिकामा. एका स्थानकावर दारूने तर्र झालेला, मळक्या कपड्यांतला एक आडदांड कामगार ओरडत आत शिरतो. कडेवर मूल असलेल्या एका बाईवर हात उगारतो. ती भेलकांडत एका वृद्ध जोडप्याच्या अंगावर जाऊन पडते. तो त्या म्हातारीलाही लाथ मारू पाहतो, मग डब्यातला खांब उपटायला लागतो. तरुण डॉब्सन तेव्हा रोज तासन्‌तास आयकिदो करत असतात. भांडू नये ही गुरूची शिकवण त्यांना पाठ आहे, पण आपली विद्या एकदा तरी न्याय्य कारणासाठी वापरून पाहायची आतून उबळही आहे. ते उठून उभे राहतात. दारुडा त्यांच्याकडे वळतो. त्याने चिडून आधी हालचाल करावी म्हणून डॉब्सन ओठांचा चंबू करून त्याला डिवचतात. तो झेपावणार, तेवढ्यात कुणीतरी जोरात हाक मारतं.

किमोनो घातलेला, सत्तरी ओलांडलेला एक छोटासा म्हातारा. तो दारुड्याला जवळ बोलावतो, काय प्यायलास म्हणून विचारतो, आपल्यालाही साके आवडते म्हणतो. संध्याकाळी बायकोबरोबर अंगणातल्या पर्सिमनच्या झाडाकडे बघत बसतो ते सांगतो. तुझीही चांगली बायको असेल, म्हणतो. दारुडा विरघळतो. बायको वारली आहे, काम गेलं आहे, स्वतःची लाज वाटते आहे. डॉब्सन आपल्या स्थानकावर उतरताना मागे वळून पाहतात, तर तो म्हाताऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेला असतो आणि म्हातारा त्याचे केस कुरवाळत असतो. आपण स्नायूंनी करायला निघालो होतो ते प्रेमळ शब्दांनी झालं, हेच खरं आयकिदो, असा डॉब्सन यांचा निष्कर्ष आहे.

गोष्ट सांगणारे बहुतेक जण साके, झाड आणि बायको इथपासून सांगायला लागतात, कारण प्रेमळ शब्द तिथे आहेत. ती पहिली हाक ते ओझरती घेतात. पण डॉब्सन स्वतः तसं करत नाहीत. ती कानठळ्या बसवणारी होती, आणि तिच्यात एक विचित्र आनंदी सूर होता, हे त्यांनी आवर्जून नोंदवलं आहे.

आयकिदोच्या सरावातून त्या क्षणाकडे पाहावं. दारुड्याचं सगळं वजन पुढे गेलेलं, लक्ष एकाच माणसावर बांधलेलं. अशा वेळी बाजूने, अनपेक्षित दिशेने, पुरेशा अंतरावरून काहीतरी त्याला लागतं. त्याचं डोकं वळतं, झेप विरते. म्हातारा बोलला त्यातलं एक अक्षरही त्याआधी दारुड्याच्या कानात शिरलं नसतं. शिहो-नागेत वळण्याआधी मोकळा हात चेहऱ्याकडे जातो, त्या जागी इथे हाक आली आहे. पर्सिमनचं झाड नंतरचं. ते फेकण्याचं तंत्र.

आणि मराठीने हे आधीच करून ठेवलं आहे. आपण हाक 'मारतो'. टिचकी मारतो, डोळा मारतो, गप्पा मारतो, मिठी मारतो. यातल्या बहुतेक ठिकाणी क्रियापद झिजून गुळगुळीत झालं आहे, हे मला मान्य आहे. गप्पा मारताना कुणाला काही लागत नाही. पण हाक आणि मिठी या दोन ठिकाणी जुनी धार अजून आहे. दोन्ही समोरच्याला न विचारता त्याच्यापर्यंत पोचतात आणि तो जे करत होता ते थांबवतात.

डॉब्सन यांचा तो चंबूही याच दृष्टीने बघता येतो. त्यांनी स्वतः तो आपल्या उन्मादाची खूण म्हणून सांगितला आहे. पण रचनेने तोही अतेमीच आहे: समोरच्याला उत्तर द्यायला लावणारा, 'बुदो'तल्या त्या पहिल्या वारासारखा. एकाच डब्यात, काही क्षणांच्या अंतराने दोन अतेमी झाले. एकाने हल्ला ओढून घेतला, दुसऱ्याने तो वळवला. फरक हातात आणि शब्दात नव्हता, कारण चंबूही मुकाच होता. पहिल्यानंतर समोरच्याकडे झेपावणं एवढंच उरलं, दुसऱ्यानंतर त्याला बसायला जागा मिळाली.

सगळंच अतेमी?

यावर रास्त आक्षेप असा की शब्द एवढा ताणला तर त्यात काहीही बसेल. मग खोकलाही अतेमी आणि मोबाइलची रिंगही. म्हणून दोन अटी घालते, आणि दोन्ही तातामीवरच्याच आहेत. एक: समोरच्याची मांडणी खरोखर मोडली पाहिजे, लागलं पाहिजे. दोन: करणाऱ्याला स्वतः मारल्या जाण्याच्या अंतरात यावं लागतं. दुसरी अट महत्त्वाची. हात चेहऱ्यापर्यंत पोचेल एवढी मी जवळ असते, तेव्हा त्याचा हातही माझ्यापर्यंत पोचतो. म्हाताऱ्याने हाक मारली आणि वर त्या माणसाला जवळ बोलावलं. सुरक्षित जागेवरून दिलेला प्रेमाचा सल्ला या कसोटीत बसत नाही, तो कितीही गोड असो. अनेक व्यवस्थापन-शिबिरांत ही गोष्ट 'संवादकौशल्य' म्हणून सांगितली जाते, तेव्हा नेमकी ही जोखीम गाळलेली असते.

याच कसोटीवर मला गोष्टीतही एक खोट दिसते, आणि ती आघाताचा अर्थ रुंद केल्यावरच दिसू लागली. मूल घेतलेली ती बाई. तिला मार बसतो, आणि गोष्ट तिला विसरते. शेवटी कुरवाळला जातो तो तिला मारणारा. त्याच्या दुःखाचं मला वावडं नाही. माणूस खरंच मोडलेला होता. पण तो किमोनोवाला म्हातारा त्याच डब्यात बसलेला होता. दारुडा ओरडतच आत शिरला होता. हाक तेव्हाही मारता आली असती.

'बुदो'तला तोरी आधी हात टाकतो, तेव्हा ते पान आजच्या वाचकाला आक्रमक वाटतं, आणि लष्करी शाळांच्या त्या दशकात त्याचा अर्थ आक्रमक असेलही. पण शांततेच्या कलेने ते पान मिटून ठेवलं तेव्हा तिने हल्ल्याची वाट पाहणं हाच सद्‌गुण ठरवला. वाट पाहणं परवडतं ते ज्याच्यावर वार होणार नाही त्याला, किंवा ज्याला तो वळवता येतो त्याला. कडेवर मूल असलेल्या बाईला ते परवडत नाही. तिच्या जागेवरून वाचलं तर मला या गोष्टीत म्हाताऱ्याचे शब्द बदलावेसे वाटत नाहीत, साकेही तशीच राहू द्यावी. फक्त ती हाक, तीच कानठळ्या बसवणारी, आनंदी हाक, दार उघडून तो माणूस आत आला त्या क्षणी यायला हवी होती.